रात्री तीनचा शो

शुक्रवारी दुपारी चार वाजले की माझ्या फोनवर ठरलेला मेसेज येतो. ‘ए, वीकेण्डला बघण्यासारखं काहीतरी सांग ना. डॉक्युमेंटरी चालेल, पण बोअर नको हां!’

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात कुणाला शेअर बाजाराचं विचारतात, कुणाला नव्या कॅफेचं. मला विचारतात ते माहितीपट आणि शॉर्ट फिल्म्सबद्दल. हा नाद कॉलेजात असताना लागला. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात एका मैत्रिणीबरोबर गेले होते. खरं कारण एवढंच, की बाहेर एप्रिलचं ऊन होतं आणि आत एसी होता. त्या संध्याकाळी उमेश कुलकर्णीची ‘गिरणी’ बघितली. घर चालवायला आई पिठाची गिरणी विकत घेते. पोराला आधी कोण आनंद! मग त्या गिरणीची घरघर हळूहळू त्याच्या खेळात, शाळेत, मित्रांच्या चिडवण्यात आणि शेवटी डोक्यात शिरते. वीसेक मिनिटांचा खेळ. बाहेर आले तेव्हा रिक्षाचा आवाजसुद्धा मला गिरणीसारखा ऐकू येत होता. त्या दिवसापासून मी गेलेच!

तेव्हापासून कितीतरी बघितल्या. फेस्टिव्हलच्या रांगेत उभं राहून, फोनवर, लॅपटॉपवर, मित्राच्या गच्चीवर चादर टांगून. पण खरं सांगू? माझं सगळ्यात भारी थिएटर पुण्यात नाहीच. ते निफाडला आहे. शो रात्री तीनचा आणि तिकीट म्हणजे एक जळाऊ लाकूड.

लाइट येईपर्यंत

निफाड म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना पेपरातली एक बातमी आठवते. ‘राज्य गारठले, निफाडचा पारा घसरला!’ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात हे तापमान मोजतात आणि दर हिवाळ्यात आमचं गाव दोन-चार दिवस फेमस होतं. कांद्याचे भाव पडले किंवा चढले की आमच्या तालुक्यातलं लासलगाव टीव्हीवर येतं. न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म १८४२ साली निफाडला झाला, हे मात्र फक्त स्पर्धा परीक्षावाल्यांना माहीत असतं.

आमची द्राक्षाची बाग आहे. पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरवाल्यांना बातमी मिळते आणि आम्हाला जागरण. मण्यात पाणी उतरायच्या वेळी कडाक्याची थंडी पडली तर मणी तडकतात. मग पहाटेच्या आधी बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या, धूर धरायचा, ठिबक चालू करायचं. ठिबकला लाइट लागते. शेतीच्या लाइटीची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची, आणि मध्येच ती गेली तर परत येईपर्यंत बसून राहायचं.

त्या बसण्यात आमच्या शोची सुरुवात झाली. जानेवारी २०२३. मी सुट्टी काढून घरी गेले होते. शेकोटीभोवती नाना, माझा धाकटा भाऊ आणि सुरगाण्याकडून बागेच्या कामाला आलेलं एक जोडपं. सगळे आपापल्या घोंगडीत. बोलण्यासारखं सगळं बोलून झालेलं. मी लॅपटॉप उघडला, क्रेटवर क्रेट ठेवून त्यावर मांडला आणि म्हटलं, ‘पिक्चर बघायचा का?’

नाना म्हणाले, ‘मारामारीचा असंल तर लाव.’

मी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ लावली.

जिल्ह्यातला सुपरमॅन

फैजा अहमद खान या दिग्दर्शिकेचा हा २००८ सालचा माहितीपट. मालेगाव आमच्याच जिल्ह्यातलं, यंत्रमागांचं गाव. माग शुक्रवारी बंद असतात आणि मग सगळं गाव पिक्चरला. तिथला नासिर शेख हा व्हिडिओ पार्लर चालवणारा माणूस एके दिवशी ठरवतो, की पिक्चर आपणच काढायचा. आधी ‘मालेगाव के शोले’ निघाला. मग त्याला सुपरमॅन उडवायचा होता! सुपरमॅन कोण, तर शफीक नावाचा एक काडीसारखा यंत्रमाग कामगार. व्हिलनला घाणीचं भयंकर प्रेम. हिरवा कपडा ट्रकला टांगायचा, त्याच्यापुढे सुपरमॅनला आडवा धरायचा आणि उडवायचा. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो. पुन्हा सुरुवात.

आमच्या शेकोटीभोवती हसून हसून पुरेवाट झाली. सुरगाण्याच्या काकू तर तोंडाला पदर लावून अशा हसत होत्या, की त्यांच्या नवऱ्याने त्यांच्याकडे वळून बघितलं. मला त्यावेळी वाटलं, की आपण या मालेगाववाल्यांना हसतोय का? हाच प्रश्न पुण्यात मित्रांबरोबर बघताना मला कधी पडला नव्हता. तिथे आम्ही ‘सो स्वीट’ म्हणत हसलो होतो.

नानांनी शेकोटीत लाकूड सारलं आणि म्हणाले, ‘येडे नाहीत गं माई हे. आठवडाभर मागावर उभं राहायचं आणि एक दिवस सुट्टी. त्या एका दिवसात हे करत्यात. आपुन काय करतो सुट्टीच्या दिवशी?’

मला उत्तर देता आलं नाही. मी सुट्टीच्या दिवशी मॉलला जाते.

हा माहितीपट आपल्याकडे थिएटरात लागायला २०१२ साल उजाडलं. तोवर शफीक कॅन्सरने गेला होता. याच मंडळींवरचा रीमा कागतीचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये थिएटरात आला, तो चांगला आहे. पण माझं ऐकाल तर आधी मूळ बघा. त्यात शफीक स्वतः आहे.

निबंध आणि अवकाळी

मग आमचा नेमच झाला. थंडीची लाट आली की मी शुक्रवारी रात्रीची गाडी पकडायची. आई म्हणायची, ‘थंडीसाठी येते का आमच्यासाठी?’

काही फिल्म्स माझ्याकडे नसायच्या. त्या मी तोंडी सांगायचे. हसू नका, पण काही फिल्म्स तोंडी सांगायलाही मजा येते! नागराज मंजुळेची ‘पावसाचा निबंध’ मी अशीच सांगितली. डोंगरातलं गाव, धो-धो पाऊस, गळकं घर, दारू पिऊन पडलेला बाप. आणि शाळेत मास्तर सांगतात, पावसावर सुंदर निबंध लिहून आणा. घरात कोरडी जागा शोधत फिरणारं पोर पावसाच्या सौंदर्यावर काय लिहिणार? या फिल्मसाठी मंजुळेला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’च्या आधीची त्याची ‘पिस्तुल्या’ ही शॉर्ट फिल्मही राष्ट्रीय पुरस्कारवाली. शाळेत जायची इच्छा असलेल्या आणि जाता न येणाऱ्या पोराची. दोन्ही शोधून बघा.

माझी गोष्ट संपल्यावर भाऊ म्हणाला, ‘ताई, आमच्या शाळेत अवकाळीवर निबंध द्यायला पाहिजे होता. मी पहिला आलो असतो.’

सगळे हसले. तेव्हा हसता येत होतं.

दुसऱ्या एका रात्री मी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ सांगितली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी आपल्या महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू टॉकीजच्या मागे कित्येक वर्षं काढली आणि २०१६ साली त्यांचा माहितीपट थेट कान फेस्टिव्हलमध्ये गेला. तिथे ज्युरींनी त्याचा खास उल्लेख केला. गंजलेले ट्रक, कुरकुरणारी प्रोजेक्टर, रिळांची जागा घेणारं डिजिटल आणि आयुष्यभर प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक मेकॅनिक. मी अर्ध्यावर होते तोच नानांनी माझ्या हातातून गोष्ट काढून घेतली. लहानपणी जत्रेत तंबूच्या खालून आत कसे घुसायचे, पडद्याच्या मागच्या बाजूला बसलं की पैसे कमी पण हिरो डावखुरा दिसायचा, मध्येच रीळ तुटलं की सगळे शिट्ट्या कशा मारायचे... अर्धा तास ते बोलत होते. माझे वडील एका दमात इतकं बोलू शकतात, हे मला माहीत नव्हतं.

चांगल्या डॉक्युमेंटरीचा माझा फण्डा त्या रात्री ठरला. जी संपल्यावर समोरचा माणूस बोलायला लागतो, ती चांगली. माझा समज होता, तो जे बोलेल ते आपल्याला आवडेलच.

‘हा परत गेला का?’

२६ नोव्हेंबर २०२३. रविवार. सोमवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी, म्हणून लाँग वीकेण्डला मी घरी होते. संध्याकाळी आभाळ आलं, वारा सुटला आणि गारा सुरू झाल्या. त्या दिवशी निफाड तालुक्यात ठिकठिकाणी द्राक्षांचं आणि कांद्याचं काय झालं, ते पेपरांत आलंच होतं. ऑक्टोबरात छाटलेल्या बागा तेव्हा फुलोऱ्यात नाहीतर नुकत्याच मणी धरलेल्या अवस्थेत असतात. आमच्याकडे गारा पाव तास पडल्या असतील. बागेत खाली पांढरं झालं होतं आणि वर काड्या नुसत्या लोंबत होत्या.

माझ्याकडे चांगला कॅमेरा आहे. मी तो आणला.

दीड तास शूट केलं. नाना एका ओळीतून चालताहेत, मोडलेली काडी उचलतात, बघतात, परत तारेवर ठेवायचा प्रयत्न करतात, ती पडते. भाऊ बांधावर बसलेला. आई घरातून आणलेल्या घमेल्यात गारा गोळा करतेय, का, ते तिलाही सांगता आलं नसतं. नानांच्या चेहऱ्याचा एक क्लोजअप मिळाला. बघणाऱ्याला कळतं, की हा माणूस आता रडेल, आणि तो रडत नाही. पुण्यात जाऊन मी रात्री जागून आठ मिनिटांची फिल्म कापली. म्युझिक नाही, कॉमेंटरी नाही. एका मित्राला दाखवली. तो म्हणाला, ‘यार, ही फेस्टिव्हलला जाणार!’

जानेवारी आला. बाग अर्धीच राहिली होती, पण अर्धीलाही थंडी लागते. पुन्हा शेकोटी, पुन्हा क्रेटवर लॅपटॉप. सुरगाण्याचं जोडपं त्या वर्षी नव्हतं, आमच्याकडे तेवढं कामच नव्हतं. माझ्या फिल्मसाठी वातावरण तयार करावं, असा हिशेब करून मी आधी ‘नीरोज गेस्ट्स’ लावली.

दीपा भाटिया यांचा २००९ सालचा हा माहितीपट तासाभराचाही नाही. पत्रकार पी. साईनाथ विदर्भातल्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जातात, बसतात, विचारतात, आणि मग शहरांतल्या सभागृहांमध्ये येऊन बोलतात. नावामागची गोष्ट रोमची आहे. नीरो राजाच्या मेजवानीत उजेड कमी पडला म्हणून कैद्यांना जाळून उजेड केला, असं इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय. साईनाथांचा प्रश्न नीरोबद्दल नाहीच. त्या मेजवानीला आलेले पाहुणे कोण होते? शेजारी माणूस जळताना त्यांच्या तोंडात घास गेला कसा? हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातात पिझ्झा होता. खोटं नाही सांगत.

इंग्रजी आलं की मी मराठीत सांगत होते. नाना एकटक बघत होते. एका घरातली बाई बोलत होती तेव्हा ते म्हणाले, ‘थांबव जरा.’

मी थांबवलं.

‘हा माणूस त्या घरी परत गेला का?’

मी म्हटलं, ‘साईनाथ वर्षानुवर्षं विदर्भात जात राहिले, नाना. पुढे त्यांनी गावाकडच्या लोकांच्या गोष्टी साठवणारं एक मोठं संकेतस्थळच काढलं.’

‘तसं नाही. त्या घरी. ही बाई एवढं बोलली. पिक्चर झाला. मग तिला कुणी दाखवला का?’

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. थोड्या वेळाने नाना म्हणाले, ‘बोलायला हिंमत लागली असंल तिला.’ मग ‘चालू कर’ म्हणाले आणि शेवटपर्यंत बघितली.

आठ मिनिटं

त्यानंतर मी माझी फिल्म लावली. आठ मिनिटं कुणी हललं नाही. संपल्यावर भाऊ उठून ठिबक बघायला गेला. ठिबक चालू व्हायला लाइटच नव्हती.

नाना म्हणाले, ‘चांगली झालीय.’ आणि गप्प बसले.

सकाळी चहाच्या वेळी मी विचारलं, पाठवू का? त्यांनी कप खाली ठेवला. ‘माई, पाठवू नको. भावाचं बघायचं चाललंय. आधीच शेतीवाल्याला पोरगी द्यायला कुणी तयार नाही. त्यात असं बघितलं तर कोण देईल?’

हे मला पटण्यासारखं होतं. आमच्याकडे पस्तिशी गाठलेली, बागा असलेली, बिनलग्नाची पोरं वाड्या-वस्त्यांवर किती आहेत, ते मला माहीत आहे. पुण्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलींना स्थळं सांगताना लोक ‘शेती आहे, पण मुलगा नोकरीला आहे’ असं सांगतात. तो ‘पण’ माझ्या भावाकडे नाही.

मी म्हटलं, ‘मग लग्नानंतर पाठवते.’

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘त्या दिवशी तू बागेत आली ना, मला वाटलं हात द्यायला आली.’

बस, एवढंच. आवाज चढवला नाही, रागावलेही नाहीत. चहा संपवून बागेत निघून गेले.

मी परतीच्या बसमध्ये मनातल्या मनात त्यांच्याशी खूप भांडले. कॅमेरा धरणं हे पण काम आहे. गारपिटीचं चित्र कुणी काढलंच नाही, तर पुण्यात बसून द्राक्षं महाग झाली म्हणणाऱ्यांना कळणार कसं? सगळ्यांनीच झाकून ठेवलं असतं तर ‘नीरोज गेस्ट्स’ बनली असती का? यातलं एकही वाक्य मला आजही चूक वाटत नाही. तरी चंदनापुरीचा घाट येईपर्यंत कुठे, सिन्नर येईपर्यंतच मला कळलं होतं, की मोडलेली काडी तारेवर ठेवायचा नाना तीनदा प्रयत्न करत होते आणि ती काडी धरायला दुसरा हात लागतो. माझे दोन्ही हात कॅमेऱ्याला होते. तिन्ही प्रयत्न माझ्याकडे आहेत. फोकसमध्ये.

ज्याची गोष्ट त्याला

त्यानंतर मी फिल्म बघताना एक नवीन गोष्ट शोधायला लागले. यात जी माणसं दिसताहेत, त्यांच्यापर्यंत ही फिल्म पोचली का?

शोधल्यावर सापडतंही. सुमित्रा भावे आपल्याला माहीत असतात त्या ‘दोघी’, ‘देवराई’, ‘अस्तु’मुळे. पण त्या मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. बायकांच्या आयुष्यावरचं संशोधन करताना त्यांना वाटलं, की हे सगळं कागदावर राहणार आणि ज्या बायकांबद्दल आहे, त्यांना तर ते वाचताही येणार नाही. मग ते त्यांच्यापर्यंत परत न्यायचं कसं? यातून १९८५ साली ‘बाई’ ही छोटी फिल्म झाली, मग ‘पाणी’. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते नंतर. फिल्म काढायचं कारणच मुळात ‘परत देणं’ हे होतं. सुमित्राताई २०२१ मध्ये गेल्या. मला त्यांना एकदा भेटायचं होतं.

आनंद पटवर्धनांची ‘जय भीम कॉम्रेड’ तीन तासांच्या वर आहे, आणि तरीही मी ती कुणालाही बघायला सांगते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण मेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये हेच घोगरे गायले होते. आपल्या फिल्ममध्ये गायलेला माणूस असा गेला, म्हणून पटवर्धनांनी कॅमेरा उचलला आणि तो १४ वर्षं खाली ठेवला नाही. फिल्म पूर्ण झाल्यावर मुंबईतल्या वस्त्यांमध्ये, मोकळ्या जागेत पडदा लावून ती दाखवली. ज्यांची गोष्ट, ते पहिल्या रांगेत.

नानांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, ‘चौदा वर्षं? मग तो माणूस घरचाच झाला की.’

माझी आठ मिनिटं हार्ड डिस्कवर आहेत. मी ती कुठेही पाठवली नाही. हे बरोबर केलं की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. पण ती माझी एकटीची नाहीत, हे ठरलं.

वाटाणा आणि द्राक्ष

पुढच्या ऑक्टोबरात छाटणीला मी घरी गेले. कॅमेरा पुण्यात ठेवून. दोन दिवस कात्री चालवली, काड्यांना पेस्ट लावली. हातमोजे घालूनही बोटांची वाट लागली.

संध्याकाळी गप्पांत दादासाहेब फाळक्यांचा विषय निघाला. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेला हा आमच्या जिल्ह्याचा माणूस. पुढे त्यांनी कंपनीही नाशिकला आणली आणि १९४४ साली नाशिकलाच गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण त्याच्या आधी त्यांनी एक छोटीशी फिल्म केली होती, ती फार कमी लोकांना ठाऊक असते. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला, पण पैसे लावायला कुणी तयार होईना. मग फाळक्यांनी कुंडीत एक वाटाणा लावला. कॅमेरा एका जागी ठेवला आणि महिनाभर त्या रोपाची थोडी थोडी चित्रं घेतली. सगळी जोडून दाखवली तर काय? बघता बघता दाणा उगवतो, वर येतो, वेल होतो! ‘अंकुराची वाढ’. जेमतेम मिनिटभराची फिल्म. ती बघून भांडवल द्यायला माणूस तयार झाला. आपल्या सिनेमाचा पहिला हिरो हरिश्चंद्र नव्हे, वाटाणा आहे!

नाना ऐकत होते. म्हणाले, ‘एक दाणा, महिनाभर?’

‘हो.’

‘मग आपला डोळा फुटतो ते निघंल का फोनवर?’

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेल निवडला. बांधाजवळचा, तिसऱ्या ओळीतला. समोरच्या अँगलला लाल चिंधी बांधली. फोन रोज त्याच जागी टेकवायचा म्हणून. आणि रोज सकाळी आठच्या सुमारास मला हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये एक फोटो यायला लागला. कोरी काडी. कोरी काडी. कोरी काडी. मग डोळा फुगलेला. मग पोंगा, त्याची कापसासारखी लव. पाच पानं. घड दिसायला लागला. फुलोरा. बाजरीएवढे मणी. फोटोसोबत कधी एक शब्दही नसायचा. मीटिंगमध्ये असले तरी मी तो फोटो आधी उघडायची. नोव्हेंबरातल्या त्या तारखेला त्यांनी फोटो पाठवला तेव्हा मी उगाचच आभाळाचा रंग तपासला. निळं होतं.

फेब्रुवारीत काढणी झाली. मी सगळे फोटो जोडले. चार महिन्यांचे फक्त दहा सेकंद झाले. पॅकिंगच्या शेडमध्ये, त्याच क्रेटवर, त्याच लॅपटॉपवर शो लावला. सुरगाण्याचं जोडपं परत आलं होतं. दहा सेकंद संपले, की काकू म्हणायच्या, ‘परत.’ आम्ही वीस वेळा तरी बघितलं असेल.

आता या शुक्रवारी मेसेज आलाच तर मी यादी देईन, घ्या लिहून. हसायचं असेल तर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. वीस मिनिटंच असतील तर ‘गिरणी’, नाहीतर राज प्रीतम मोरेची ‘खिसा’, शर्टाला मोठ्ठा खिसा शिवून घेणाऱ्या पोराची. नुकती विशी ओलांडली असेल, किंवा ओलांडल्याला बराच काळ झाला असेल, तर एस. एन. एस. शास्त्रींची १९६७ सालची ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली पोरं विशीत काय बोलत होती ते ऐका आणि आपल्या ग्रुपशी ताडून बघा. कविता आवडत असेल तर अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांची ‘साचा’, त्यात नारायण सुर्वे आहेत, चित्रकार सुधीर पटवर्धन आहेत आणि गिरण्यांची मुंबई आहे. पोट भरलेलं असेल तेव्हा ‘नीरोज गेस्ट्स’. अख्खा रविवार मोकळा असेल तर ‘जय भीम कॉम्रेड’. आणि यातली कुठलीही एक तरी इअरफोन काढून, घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून बघा. आई, आजोबा, कामाला येणाऱ्या मावशी, कुणीही. मध्येच कुणी ‘थांबव जरा’ म्हणालं, तर थांबवा.

आमच्या दहा सेकंदांत एक चूक आहे. डिसेंबरात एका जागी वेल एकदम उडी मारल्यासारखा वाढतो. मधले चार दिवस फोटोच नाहीत. मी नानांना म्हटलं, मागचा-पुढचा फोटो वापरून ते भरून काढता येईल, कळणारही नाही कुणाला.

‘नको,’ ते म्हणाले. ‘राहू दे. भावाचं लग्न होतं ते.’